‘नैसर्गिक’ गोडवा आणि सुरक्षिततेची कल्पना : साखरेच्या पर्यायांचा एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

साखरेला पर्याय म्हणून वापरल्या जाणाऱ्या पदार्थांची जाहिरात करताना ‘नैसर्गिक’ आणि ‘सुरक्षित’ हे दोन शब्द बहुधा जोडीने योजले जातात. प्रस्तुत लेखात मध, द्राक्षरसाचा पाक, ज्येष्ठमध, स्टीव्हिया आणि झायलिटॉल या पाच पदार्थांच्या इतिहासाचा आढावा घेऊन या जोडीची तपासणी केली आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द पदार्थाचा उगम सांगतो. सुरक्षितता मात्र मात्रा, सेवनाचा मार्ग, प्रक्रिया आणि सेवन करणारा देह यांवर अवलंबून असते, असे या इतिहासावरून दिसून येते. ज्या देहाचा विचार तत्कालीन समाजाने वा शास्त्राने केला नाही, त्याच देहाला त्या पदार्थाची किंमत मोजावी लागली. झायलिटॉल आणि पाळीव कुत्रा हे या विधानाचे आधुनिक काळातील सर्वांत ठळक उदाहरण होय.

बीजशब्द : साखरेचे पर्याय, मध, ज्येष्ठमध, स्टीव्हिया, झायलिटॉल, पाळीव प्राणी, अन्नसुरक्षा.

प्रस्तावना

‘साखरेचा पर्याय’ ही संकल्पना ऐतिहासिकदृष्ट्या तुलनेने अलीकडची आहे. साखर सर्वसामान्यांच्या स्वयंपाकघरात येण्यापूर्वी मध, गूळ, फळांचे रस आणि गोड मुळ्या हेच गोडीचे मुख्य आधार होते. युरोपात अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत साखर स्वस्त झाली आणि गोडीचे तेच प्रमाण ठरले. त्यानंतर उरलेले सर्व गोड पदार्थ तिचे ‘पर्याय’ म्हणून ओळखले जाऊ लागले. विसाव्या शतकात दंतक्षय, स्थूलता आणि मधुमेह यांच्याशी साखरेचा संबंध जोडला गेला, तेव्हा पर्यायांचा शोध वैद्यकीय गरजेतून होऊ लागला. सॅकरिनचा शोध १८७९ मध्ये लागला होता. परंतु ते कोळशाच्या डांबरापासून निघालेले असल्याने त्याविषयी लोकांच्या मनात कायम संशय राहिला. या संशयाच्या उलट बाजूस ‘नैसर्गिक’ या शब्दाला विश्वासाचे वलय लाभले.

हे वलय कितपत साधार आहे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ रसायनशास्त्राच्या अंगाने शोधल्यास प्रत्येक पदार्थाचा स्वतंत्र अहवाल हाती येतो. इतिहासाच्या अंगाने पाहिल्यास मात्र निरनिराळ्या काळांतील चुकांमध्ये एक समान सूत्र आढळते. ते सूत्र स्पष्ट करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

मध : सर्वांत जुना गोडवा

मध हा मानवाला ज्ञात असलेला बहुधा सर्वांत जुना गोड पदार्थ होय. तरीही त्याच्या विषारीपणाची नोंदही तितकीच प्राचीन आहे. ग्रीक इतिहासकार झेनोफन याने इ. स. पूर्व ४०१ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेचा वृत्तान्त लिहिला आहे. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यालगत त्रापेझसच्या परिसरात ग्रीक सैनिकांनी स्थानिक मध खाल्ला. त्यांना वांत्या व जुलाब झाले, अनेकांना उभे राहणेही शक्य होईना. कोणी दगावले नाही आणि तीन-चार दिवसांत सर्व जण सावरले, असे तो नमूद करतो. त्या प्रदेशातील ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांमधील ग्रेयानोटॉक्सिन या द्रव्यामुळे हे घडत असे, हे आज ज्ञात आहे. मधमाशी तीच आणि मधही शुद्धच. फरक होता तो फुलांचा.

भारतीय वैद्यकपरंपरेत मधाविषयीची सावधगिरी वेगळ्या स्वरूपात आढळते. मध तापवून घेऊ नये, तसेच मध आणि तूप समप्रमाणात एकत्र सेवन करू नये, असे चरकसंहितेतील विरुद्ध आहाराचे विवेचन सांगते. या नियमांमागील कारणमीमांसा आजच्या शास्त्राशी जुळते किंवा नाही, हा स्वतंत्र विषय आहे. येथे महत्त्वाची बाब एवढीच की, चांगला मानलेला पदार्थही संस्काराने व प्रमाणाने अपायकारक ठरू शकतो, ही जाणीव या परंपरेत स्पष्टपणे होती.

असे असूनही एक देह या सावधगिरीतून निसटला. जातकर्म संस्कारात नवजात अर्भकाला मध व तूप चाटवण्याची प्रथा प्राचीन आहे. महाराष्ट्रात अनेक घरांमध्ये बाळाच्या जिभेला मधाचे बोट लावणे किंवा बाळगुटी मधात उगाळून देणे ही माया व शुभभावना यांचीच खूण मानली गेली. १९७६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अर्भकांमधील बॉट्युलिझम हा स्वतंत्र आजार म्हणून ओळखला गेला आणि पुढील काही वर्षांत मध हा त्याचा एक स्रोत असल्याचे निश्चित झाले. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. प्रौढाच्या आतड्यातील स्थिर जिवाणूसृष्टी त्यांना वाढू देत नाही. परंतु अर्भकाच्या आतड्यात ते रुजतात व विष निर्माण करतात. म्हणूनच एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, असा सल्ला आज बालरोगतज्ज्ञ देतात. आजीला जो पदार्थ पथ्यकर, तोच नातवाला धोक्याचा ठरू शकतो. येथे पदार्थ बदललेला नाही. देह बदलला आहे.

द्राक्षरसाचा पाक : दोष भांड्याचा

प्राचीन रोममध्ये द्राक्षरस आटवून ‘सापा’ व ‘डेफ्रुटम’ नावाचे पाक तयार केले जात. मद्य गोड करणे, फळे टिकवणे आणि खाद्यपदार्थांना चव आणणे यांसाठी त्यांचा सर्रास वापर होई. द्राक्षाखेरीज त्यात काहीही नसे. त्या अर्थाने हा पूर्णतः नैसर्गिक गोडवा होता. पहिल्या शतकातील कृषिविषयक लेखक कॉल्युमेला याने हा रस शिशाच्या भांड्यात आटवावा, असे सुचविले आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यातून कळंक उतरतो, ही त्याची चिंता होती. याचाच अर्थ शिशाची निवड निष्काळजीपणातून झालेली नसून सावधगिरीतूनच झाली होती. द्राक्षरसातील आम्लांचा शिशाशी संयोग होऊन जे क्षार तयार होतात, त्यांपैकी लेड ॲसिटेट हा स्वतःच गोड असतो. त्याला पुढे ‘शिशाची साखर’ असे नावच पडले. दृश्य कळंक टळला आणि अदृश्य विष चवीला गोड म्हणून स्वीकारले गेले. शिशाच्या विषबाधेमुळेच रोमन साम्राज्य लयास गेले, हे मत मात्र इतिहासकारांमध्ये विवाद्य आहे आणि एवढ्या गुंतागुंतीच्या घटनेचे कारण एका पाकात शोधणे योग्य नव्हे.

या प्रकरणाचा पुढचा दुवा जर्मनीतील उल्म शहरात सापडतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस एबरहार्ड गॉकेल या वैद्याने मठवासीयांमध्ये उद्भवलेल्या तीव्र पोटशुळाचा अभ्यास केला. जे मद्य पीत नव्हते ते आजारी पडत नव्हते, हे त्याच्या ध्यानात आले. आंबट मद्य गोड करण्यासाठी त्यात शिशाचे संयुग मिसळले जात असल्याचे त्याने दाखवून दिले. त्यानंतर १६९६ मध्ये व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने अशा भेसळीवर बंदी घातली. कोण आजारी पडले याबरोबरच कोण आजारी पडले नाही, याची नोंद ठेवणे ही अन्नसुरक्षेच्या इतिहासातील एक महत्त्वाची पद्धती होय.

ज्येष्ठमध : औषध आणि आहार यांमधील रेषा

संस्कृतात ‘यष्टिमधु’, म्हणजे गोड काष्ठ, असे सार्थ नाव असलेले ज्येष्ठमध मराठी घरांना घशाच्या खवखवीवरील औषध म्हणून परिचित आहे. त्यातील ग्लिसिरायझिन हे द्रव्य साखरेच्या अनेक पटींनी गोड असते. १९४० च्या दशकात डच वैद्य रेव्हर्स यांनी जठरव्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रणांना उतार पडला. परंतु काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. या निरीक्षणातून संशोधनाची एक नवी दिशा मिळाली. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल निष्क्रिय करणाऱ्या एका विकराला ज्येष्ठमधातील द्रव्य अटकाव करते. परिणामी शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो, ही यंत्रणा १९८० च्या दशकात उलगडली.

घसा बसल्यावर एखादा तुकडा चघळणे आणि गोळ्या, पेये वा चहा यांतून महिनोन्‌महिने रोज सेवन करणे, यांत मोठे अंतर आहे. औषध म्हणून वापरताना मात्रेचे भान आपोआप राखले जाते. तोच पदार्थ ‘साखरेऐवजी’ म्हणून आहारात आला की ते भान सुटते. पर्याय म्हणून वापर याचा अर्थच मुळी रोजचा वापर असा होतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाबाबत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

स्टीव्हिया : संशय आणि मान्यता

पराग्वेच्या परिसरातील ग्वारानी समाज स्टीव्हियाच्या पानांचा वापर पिढ्यान्‌पिढ्या ‘माते’ हे पेय गोड करण्यासाठी करीत आला आहे. मोइसेस बेर्तोनी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन केले. १९३१ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्रिदेल आणि लाव्हिएय यांनी तिच्यातील स्टीव्हिओसाइड हे गोड द्रव्य वेगळे केले. जपानमध्ये १९७० च्या दशकापासून त्याचा व्यापारी वापर सुरू झाला.

पाश्चात्त्य देशांत मात्र हा प्रवास खडतर होता. १९६८ मध्ये उंदरांवरील एका प्रयोगातून स्टीव्हियाचा काढा प्रजननक्षमता घटवितो, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नंतरच्या अभ्यासांत त्याला पुष्टी मिळाली नाही. १९८५ मध्ये स्टीव्हिऑल या घटकापासून विशिष्ट परिस्थितीत जिवाणूंमध्ये जनुकीय बदल घडतात, असे आढळले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्टीव्हियाच्या आयातीवर निर्बंध घातले. १९९५ पासून केवळ आहारपूरक म्हणून तिला वाट मिळाली. २००८ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शुद्ध स्टीव्हिऑल ग्लायकोसाइडसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज ४ मिलिग्रॅम (स्टीव्हिऑलच्या स्वरूपात मोजून) ही मर्यादा निश्चित केली. त्याच वर्षी अमेरिकेत, २०११ मध्ये युरोपीय संघात आणि २०१५ मध्ये भारतात या अर्काचा मार्ग मोकळा झाला.

या घटनाक्रमातील विसंगती लक्षणीय आहे. अमेरिकेत गोडी आणणारा पदार्थ म्हणून जी वाट मोकळी झाली, ती कारखान्यात अत्यंत शुद्ध केलेल्या अर्कासाठी. पान वा त्याचा कच्चा अर्क यांसाठी ती झाली नाही. बाजारात मात्र वेष्टनावर हिरव्या पानाचेच चित्र झळकते. लोकांचा विश्वास पानावर आणि शास्त्राची चाचणी भुकटीवर, अशी ही स्थिती आहे. सुरक्षिततेचा निर्वाळा ज्याला मिळाला तो पदार्थ आणि ज्याच्या नावावर तो विकला जातो तो पदार्थ, हे दोन्ही एकच नव्हेत.

झायलिटॉल : माणसासाठी यशोगाथा

झायलिटॉलचा शोध १८९०-९१ च्या सुमारास जर्मनीत एमिल फिशर व रुडॉल्फ श्टाहेल आणि फ्रान्समध्ये बेर्त्रां यांनी जवळपास एकाच वेळी लावला. अनेक फळभाज्यांत ते अल्प प्रमाणात असते. मानवी देहातही चयापचयाच्या ओघात दररोज काही ग्रॅम झायलिटॉल तयार होते. व्यापारी उत्पादन मात्र बर्चचे लाकूड किंवा मक्याची कणसे यांपासून मिळणाऱ्या झायलोज या शर्करेवर धातूच्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजनची प्रक्रिया करून होते. ‘बर्च साखर’ हे त्याचे लाडके नाव या प्रक्रियेची कल्पना देत नाही.

फिनलंडमधील तुर्कू येथे १९७२ पासून शाइनिन आणि मॅकिनेन यांनी सुमारे सव्वाशे व्यक्तींवर दोन वर्षे अभ्यास केला. साखरेऐवजी झायलिटॉल घेणाऱ्या गटात दंतक्षय अत्यल्प आढळला. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये झायलिटॉलयुक्त च्युइंग गम बाजारात आले. या यशाच्या आसपासच काही इशारेही मिळाले होते. शिरेवाटे झायलिटॉल दिलेल्या रुग्णांत मूत्रपिंड व मेंदूत ऑक्झलेटचे स्फटिक साचल्याची नोंद १९७० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियात झाली. त्यामुळे तोंडावाटे सुरक्षित असलेला पदार्थ शिरेवाटे तसाच असतो असे नाही, हे स्पष्ट झाले. उंदरांच्या मूत्राशयात खडे आढळल्याने काही काळ उद्योगही साशंक झाला. अखेरीस १९८३ मध्ये उपरोक्त संयुक्त समितीने झायलिटॉलसाठी दैनंदिन सेवनाची संख्यात्मक मर्यादा घालण्याची गरज नाही, असा निर्णय दिला. अधिक मात्रेत पोट फुगणे व जुलाब हे त्याचे माणसातील नेहमीचे दुष्परिणाम होत.

प्रयोगशाळेतील कुत्रा आणि घरातील कुत्रा

याच काळात दुसरी एक नोंद शास्त्रीय वाङ्मयात पडून होती. जपानमधील कुझुया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये कुत्र्यांना शिरेवाटे झायलिटॉल दिले असता त्यांच्या रक्तातील इन्सुलिन झपाट्याने वाढते, असे प्रसिद्ध केले. माणसात ही वाढ नगण्य असते. प्रजातींमधील हा भेद पुढील काही वर्षांत अधिक स्पष्ट झाला. त्या संशोधनाचा विषय इन्सुलिन हा होता. कुत्रा तेथे मानवी देह समजून घेण्याचे साधन होता. स्वतः कुत्र्याच्या जिवाला या पदार्थापासून काय धोका आहे, असा प्रश्न त्यावेळी विचारलाच गेला नाही. तसा प्रसंगही नव्हता, कारण झायलिटॉल तेव्हा घराघरात पोहोचलेले नव्हते.

तो प्रसंग एकविसाव्या शतकाच्या आरंभी आला. अमेरिकेत साखरविरहित च्युइंग गम, गोळ्या व घरगुती बेकरी पदार्थ यांत झायलिटॉलचा वापर वाढला आणि ते खाल्लेले कुत्रे पशुवैद्यांकडे येऊ लागले. प्राणी-विषबाधा केंद्रातील एरिक ड्युनेयर यांनी २००४ मध्ये झायलिटॉलयुक्त गम खाल्लेल्या कुत्र्याच्या रक्तशर्करेतील घसरणीची नोंद प्रसिद्ध केली. २००६ मध्ये ड्युनेयर व ग्वॉल्टनी-ब्रँट यांनी झायलिटॉल सेवनानंतर यकृत निकामी झालेल्या आठ कुत्र्यांचा वृत्तान्त मांडला. त्यांपैकी पाच दगावले किंवा त्यांना वेदनामुक्तीसाठी मरण द्यावे लागले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने श्वानपालकांना जाहीर इशारा दिला. प्रयोगशाळेत वस्तुस्थिती कळल्यापासून तिची उपयुक्त सूचना घरापर्यंत पोहोचण्यास सुमारे चार दशकांहून अधिक काळ लागला.

या विषबाधेची यंत्रणा थोडक्यात अशी : कुत्र्याच्या पोटातून झायलिटॉल वेगाने शोषले जाते व स्वादुपिंड त्याला ग्लुकोज समजल्यागत मोठ्या प्रमाणात इन्सुलिन सोडते. परिणामी अनेकदा अर्ध्या ते एका तासात रक्तशर्करा कोसळते. वांती, अशक्तपणा, तोल जाणे, झटके ही लक्षणे दिसतात. गममधून ते सावकाश सुटत असल्यास लक्षणांना विलंबही होतो. पशुवैद्यकात दर किलो वजनामागे सुमारे ०.१ ग्रॅम ही रक्तशर्करा घसरण्याच्या धोक्याची आणि ०.५ ग्रॅम ही यकृतास इजा होण्याच्या धोक्याची पातळी मानली जाते. म्हणजेच दहा किलो वजनाच्या कुत्र्यास एक ग्रॅम झायलिटॉलही पुरेसे ठरते, आणि काही प्रकारच्या गमच्या एक-दोन तुकड्यांतच तेवढे झायलिटॉल असते. यकृताच्या इजेची कारणमीमांसा अद्याप पूर्णपणे निश्चित झालेली नाही. असे सेवन घडल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे जाणे, हाच मार्ग आहे.

‘पाळीव प्राणी’ असा सरसकट शब्दही येथे अपुरा पडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी मांजरांना दर किलोमागे एक ग्रॅमपर्यंत झायलिटॉल देऊनही तसे परिणाम दिसले नाहीत. म्हणजे कुत्र्यावरून मांजराचे अनुमान काढणे हे माणसावरून कुत्र्याचे अनुमान काढण्याइतकेच सदोष आहे.

वर्तमान आणि भारतीय संदर्भ

माणसाच्या बाबतीतही हा विषय मिटलेला नाही. २०२३ मध्ये एरिथ्रिटॉल आणि २०२४ मध्ये झायलिटॉल यांची रक्तातील उच्च पातळी व हृदयविकार यांचा सहसंबंध दर्शविणारे संशोधन अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील गटाने प्रसिद्ध केले. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. शिवाय ही द्रव्ये शरीरातही तयार होत असल्याने अन्वयार्थ सावधपणे लावणे आवश्यक आहे. २०२३ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने वजन-नियंत्रणासाठी साखरेतर गोडकांवर विसंबू नये, अशी शिफारस केली. तीत स्टीव्हियाचा समावेश आहे. झायलिटॉलसारखी शर्करा-अल्कोहोले तिच्या कक्षेबाहेर आहेत. ही शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, हेही ध्यानी घेतले पाहिजे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गूळ नैसर्गिक म्हणून मधुमेहींना चालतो, ही समजूत सुशिक्षित वर्गातही आढळते. वस्तुतः गुळाचा बहुतांश भाग साखर हाच असून त्यातील अल्प खनिजे मधुमेहीच्या रक्तशर्करेला आवर घालीत नाहीत. दुसरीकडे शहरी कुटुंबांत कुत्रा हा घरातील सदस्य झाला आहे आणि ताटातील घास त्याला भरवणे हा जिव्हाळ्याचा भाग मानला जातो. शर्करा-अल्कोहोले असलेल्या खाद्यपदार्थांवर रेचक परिणामाची सूचना देण्याचा नियम भारतात आहे. ती सूचना माणसाच्या पोटापुरती आहे. साखरविरहित म्हणून आणलेला पदार्थ मधुमेही आजोबांच्या हितासाठी असतो, पण त्याच पाकिटापर्यंत घरातील कुत्राही पोहोचतो, याची दखल ते वेष्टन घेत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. ‘नैसर्गिक’ हे उगमाचे विशेषण आहे, सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. मध, द्राक्षपाक व ज्येष्ठमध यांचा इतिहास याची साक्ष देतो. कृत्रिम म्हणून एखादा पदार्थ त्याज्य ठरविणेही याच न्यायाने असमर्थनीय आहे.

२. एखादा पदार्थ सुरक्षित आहे, हे विधान अपूर्ण असते. कोणासाठी, किती मात्रेत, कोणत्या मार्गाने आणि किती काळ, या चार प्रश्नांच्या उत्तरांनीच ते पूर्ण होते.

३. अपाय बहुधा त्या देहाला झाला, जो प्रश्न विचारणाऱ्यांच्या विचारकक्षेत नव्हता. मधाच्या बाबतीत ते अर्भक होते. झायलिटॉलच्या बाबतीत तो कुत्रा होता.

४. केवळ ज्ञान उपलब्ध असणे पुरेसे नसते. १९६६ मधील निरीक्षण वेळीच वेष्टनावरील सूचनेत उतरले असते, तर पुढील अनेक मृत्यू टळू शकले असते. ज्ञानाचे एका शाखेतून दुसऱ्या शाखेत आणि तेथून घरात होणारे संक्रमण ही संशोधनाइतकीच महत्त्वाची जबाबदारी आहे.

वैद्यक, पशुवैद्यक, रसायनशास्त्र आणि इतिहास या शाखा महाविद्यालयांत स्वतंत्र शिकविल्या जातात; घरात मात्र बाळ, आजोबा आणि कुत्रा एकाच छताखाली राहतात. अन्नसुरक्षेचे नियम व वेष्टनावरील सूचना ठरविताना या संपूर्ण घराचा विचार होणे आवश्यक आहे.